डेलमारच्या उत्तरेला जा: मंडळाच्या कार्यकारिणीस खुलं पत्र

प्रति,
कार्यकारिणीचे सर्व सदस्य, आणि सेंट लुईस परिसरातली तमाम मराठी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

नव्यानं इथं येणाऱ्या कुटुंबांसाठी मंडळानं काढलेलं माहितीपत्रक वाचलं. मेहनत घेतलेली दिसते. बॉलविनच्या मंदिराच्या वेळा, कढीपत्ता कुठल्या दुकानात ताजा मिळतो, लायसन्ससाठी कोणते कागद न्यायचे, घर कुठल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये बघायचं, सगळं आहे. ‘शहर’ या मथळ्याखाली मात्र चारच ओळी आहेत. नदीकाठची उंच कमान, म्हणजे आर्च, बघा. झू फुकट आहे. बोटॅनिकल गार्डनला वसंतात जा. आणि चौथी ओळ: ‘डाउनटाउनमध्ये अंधार पडल्यावर थांबू नका, डेलमारच्या उत्तरेला जाऊ नका.’

हे पत्र त्या चौथ्या ओळीबद्दल आहे. ती काळजीपोटी लिहिली आहे, हे मान्य. शहरात गुन्हे होतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या शहराचं नाव आपण मंडळाच्या बॅनरवर मिरवतो, त्या शहरात आपल्यातल्या बहुतेकांचं घर नाही, मत नाही, आणि तिथं नोकरी नसेल तर करही नाही. आपण राहतो शहराबाहेरच्या सेंट लुईस काउंटीत, नाहीतर मिसुरी नदीपलीकडच्या सेंट चार्ल्समध्ये. भारतात फोनवर मात्र ‘आम्ही सेंट लुईसला असतो’ असं सांगतो. डेलमार बुलेव्हार्ड हा एक साधा रस्ता, त्याची काळ्या-गोऱ्यांमधली लक्ष्मणरेषा कुणी केली आणि आपण तिच्या या बाजूला कसे आलो, हे नवीन माणसाला सांगायचं तर सुरुवात नदीपासून करावी लागते.

डिसेंबर १७६३ मध्ये पिएर लाक्लेद हा न्यू ऑर्लीन्सचा फ्रेंच व्यापारी वखारीसाठी जागा शोधत मिसिसिपीच्या वरच्या अंगाला आला. मिसुरी नदी जिथं मिसिसिपीला मिळते त्याच्या थोडं खाली, पश्चिम काठावर, चुनखडीचा उंच कडा त्याच्या नजरेत भरला. वर पुराचं भय नाही, खाली बोटी लावायला उतार. पुढच्या फेब्रुवारीत त्यानं ऑगस्त शूतो या चौदा वर्षांच्या पोराच्या हाताखाली तीसेक माणसं देऊन झाडं तोडायला पाठवलं. पूर्व काठ युद्धात इंग्रजांकडे गेला म्हणून ही मंडळी पश्चिमेला आली होती. गंमत अशी की फ्रान्सनं हा पश्चिम काठसुद्धा १७६२ मध्येच गुप्त तहानं स्पेनला देऊन टाकला होता. फ्रेंच राजाच्या संताचं नाव घेतलेलं गाव पहिल्या दिवसापासून स्पेनचं होतं आणि गावाला त्याचा पत्ताच नव्हता. पुढे मार्च १८०४ मध्ये इथं स्पेनचा झेंडा उतरला, फ्रान्सचा चढला आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा.

जागा रिकामी नव्हतीच. नदीच्या पूर्वेला, आज इलिनॉयमध्ये असलेल्या काहोकियात अकराव्या-बाराव्या शतकात हजारो वस्तीचं शहर होतं. तिथला मंक्स माउंड हा हातानं माती वाहून रचलेला टेकाड अजून शंभर फूट उंच उभा आहे. पश्चिम काठावरही असे टेकाड होते, इतके की सेंट लुईसला ‘माउंड सिटी’ म्हणत. त्यातला सगळ्यात मोठा बिग माउंड १८६९ मध्ये पुरता पाडला गेला आणि त्याची माती रेल्वेच्या भरावाला वापरली. शहराच्या हद्दीत आता एकच उरलाय, शुगरलोफ माउंड. २००९ मध्ये ओसेज राष्ट्रानं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनी, त्याचा काही भाग विकत घेतला. ज्यांच्याशी कातड्यांचा व्यापार करून लाक्लेद-शूतो मंडळी गबर झाली, त्या ओसेज लोकांना आपल्याच भूमीचा तुकडा पैसे मोजून परत घ्यावा लागला. पत्रकात याला एक ओळ हवी की नको, तुम्हीच ठरवा.

१८१७ मध्ये पहिली स्टीमबोट धक्क्याला लागली आणि गावाचं नशीब पालटलं. १८४० मध्ये साडेसोळा हजारांची वस्ती वीस वर्षांत एक लाख साठ हजारांवर गेली. मधल्या काळात नदीनं दगा द्यायचा प्रयत्न केला. पश्चिम काठाशी गाळ साचू लागला, प्रवाह इलिनॉयकडे सरकू लागला आणि बोटी लागायची जागाच जाते की काय अशी वेळ आली. तेव्हा लष्करानं एक तरुण इंजिनिअर पाठवला: रॉबर्ट ली, तोच, जो पुढे गुलामगिरीच्या बाजूनं लढणाऱ्या सैन्याचा सेनापती झाला. १८३७ पासून त्यानं नदीतल्या ब्लडी आयलंड या बेटाच्या टोकाशी बांध घालून प्रवाह पुन्हा शहराच्या अंगाला वळवला. आर्चच्या पायऱ्या उतरून खाली गेलात की नदीत उतरणारा दगडी फरसबंद धक्का दिसतो. पाणी ओसरलेलं असलं तर त्यात बोटी बांधायच्या जुन्या लोखंडी कड्याही सापडतात. आपली पाहुणे मंडळी त्या उतारावर आर्चकडे तोंड करून फोटो काढतात, नदीकडे पाठ करून.

१८४९ साल शहरावर दोन्ही बाजूंनी कोसळलं. मे महिन्यात व्हाइट क्लाउड नावाच्या बोटीला आग लागली, ती पसरत तेवीस बोटी आणि धक्क्यालगतची चारशेहून अधिक घरं-दुकानं जळाली. त्याच उन्हाळ्यात कॉलऱ्यानं चार हजारांवर माणसं नेली. शहर पुन्हा उभं राहिलं, या वेळी विटांचं.

याच धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ओल्ड कोर्टहाउस आहे. ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या गुलाम जोडप्यानं १८४६ मध्ये स्वातंत्र्यासाठी दावा लावला, त्याची सुनावणी इथली. १८५० मध्ये इथल्या ज्यूरीनं त्यांना मुक्त ठरवलं. मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं, आणि १८५७ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांनी नागरिकत्वाचा हा खटला जिथं सुरू झाला ती इमारत एकदा आत जाऊन बघावी. दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये इमारत पुन्हा खुली झाली आहे, तिकीट नाही.

आता ईड्स पूल. जेम्स ईड्स हा बुडालेल्या बोटींतला माल काढून श्रीमंत झालेला माणूस. पाणबुड्याच्या घंटेत बसून तो मिसिसिपीच्या तळावरून अक्षरशः चालला होता. त्यामुळे तळाची वाळू पुरात किती खोलवर हलते हे त्याला ठाऊक होतं, आणि पुलाचे खांब खडकापर्यंत गेले पाहिजेत हा हट्ट त्यानं सोडला नाही. दाबाखालच्या हवेच्या पेट्यांत उतरून मजूर वाळू उपसत. वर आले की सांधे धरत, पाय लुळे पडत, काही दगावले. कामावरचे डॉक्टर जॅमिने स्वतः खाली जाऊन आले आणि तेही काही काळ लुळे पडले. मग खालच्या पाळ्या छोट्या केल्या. जून १८७४ मध्ये लोकांची खात्री पटावी म्हणून पुलावरून आधी हत्ती चालवला, आणि ४ जुलैला उद्घाटन झालं. पोलादाचा इतका मोठा वापर त्याआधी कुठल्या पुलात झाला नव्हता.

पूल अप्रतिम, पण उशिरा आला. फेरीबोटवाल्यांचा मक्ता, बोटींच्या धंद्यावरचा आंधळा विश्वास, यात सेंट लुईस रेंगाळलं. मिसिसिपीवर रेल्वेचा पूल वरच्या अंगाला, रॉक आयलंडला, १८५६ मध्येच झाला होता आणि शिकागोनं गाड्यांच्या जोरावर बाजी मारली. एअरपोर्टवरून मेट्रोलिंकनं कधी इलिनॉयकडे गेलात, तर डाउनटाउनखालच्या ज्या बोगद्यातून गाडी जाते तो याच पुलासाठी खणलेला आहे, आणि पुढे ती ईड्सच्याच पुलाच्या खालच्या मजल्यावरून नदी ओलांडते.

पूल झाल्यावर दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, शहरानं जे केलं त्याचे भोग अजून संपलेले नाहीत. शहर तेव्हा सेंट लुईस काउंटीचाच भाग होतं. शहरवाल्यांना वाटे, कर आपण भरतो आणि खर्च होतो खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर. मतदान झालं, पहिल्या मोजणीत विभक्त होण्याचा बेत पडला, फेरमोजणीत पास झाला. शहरानं आपली हद्द फॉरेस्ट पार्कच्या पलीकडच्या कडेला कायमची आखून घेतली. तिथं त्या वेळी शेतं होती, एवढी जागा कधी भरेल असं कुणाला वाटलंच नसेल. मोठ्या भावानं वाटणी मागावी, वाडा आणि दुकान घ्यावं, माळरान धाकट्याला द्यावं, आणि पन्नास-साठ वर्षांनी त्या माळावरच बंगले उठावेत, तसं झालं. शहराला पश्चिमेकडे एक फूटही सरकता येत नाही. काउंटीत पुढे ऐंशीहून अधिक छोट्या नगरपालिका झाल्या, प्रत्येकीचा महापौर वेगळा, कित्येकींचे पोलीसही वेगळे. आपण त्यातल्याच एखादीत राहतो.

१९०४ च्या जागतिक प्रदर्शनाबद्दल फार लिहीत नाही, त्याचं कौतुक इथं कानीकपाळी ऐकायला मिळतं. वीसेक दशलक्ष लोक आले, ऑलिम्पिकही इथंच झालं. एवढंच सांगतो की फॉरेस्ट पार्कमधून वाहणारी रिव्हर द पेर ही घाण नदी पाहुण्यांना दिसू नये म्हणून लाकडी पाटात बंद केली होती, आणि फिलिपिन्समधून आणलेल्या हजारभर माणसांना मात्र बघायला ठेवलं होतं.

मुख्य गोष्ट त्यानंतरची आहे. फेब्रुवारी १९१६ मध्ये सेंट लुईसच्या मतदारांनी प्रचंड बहुमतानं ठराव केला की ज्या ब्लॉकमध्ये एका वंशाची बहुसंख्या आहे तिथं दुसऱ्या वंशाच्या माणसानं राहायला जाऊ नये. दुसऱ्याच वर्षी केंटकीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असले कायदे रद्द केले. मग तेच काम, आधीपासून होत असलेल्या, खासगी करारांवर आलं. शेजारी-शेजारी मिळून सही करायचे: हे घर अमुक वर्षं गोऱ्यांशिवाय कुणाला द्यायचं नाही.

असाच एक करार १९११ मध्ये लॅबडी अव्हेन्यूवर झाला होता. त्यात ‘निग्रो किंवा मंगोलियन वंशाचे’ लोक वर्ज्य होते. ‘मंगोलियन’मध्ये त्या काळी आशियातल्या कोणाला धरायचं हे कोर्टाच्या आणि क्लार्कच्या मर्जीवर असे. १९४५ मध्ये जे. डी. आणि एथेल शेली या काळ्या जोडप्यानं मुलाबाळांसाठी ४६०० लॅबडीचं साधं दुमजली विटांचं घर घेतलं. कराराची त्यांना कल्पना नव्हती. अशाच कराराखालचं दुसरं घर ज्यांचं होतं त्या क्रेमर कुटुंबानं त्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला आणि मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. शेलींची बाजू जॉर्ज व्हॉन या काळ्या वकिलानं वॉशिंग्टनपर्यंत नेली. ३ मे १९४८ ला निकाल आला: असे करार कुठल्याही न्यायालयाला अमलात आणता येणार नाहीत. नऊपैकी सहाच न्यायाधीश बसले होते, सहाही एकमतानं. बाकीचे तिघं बाजूला झाले. त्यांची स्वतःची घरंच अशा करारांत होती, असं तेव्हापासून बोललं जातं.

लॅबडी अव्हेन्यू डेलमारच्या उत्तरेला आहे.

याच्या जोडीला १९६८ चा दुसरा निकाल ठेवा. काउंटीच्या उत्तर भागात पॅडक वुड्स नावाची नवी वसाहत होत होती. जोसेफ ली जोन्स यांना ते काळे म्हणून बिल्डरनं घर नाकारलं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वंशावरून घर विकायला नकार देणं, खासगी माणसानं दिला तरी, बेकायदा आहे. म्हणजे सेंट लुईसच्या दोन कुटुंबांनी घरासाठी केलेल्या दोन भांडणांतून या देशात घर घेण्याचा हक्क सगळ्यांना मिळाला. तुमच्या चेस्टरफील्डच्या घराचं क्लोजिंग झालं तेव्हा सह्यांचा जो गठ्ठा पुढे आला, त्यात तुमचा वंश विचारून कुणी अडवलं नाही. का, याचं उत्तर लॅबडीवर उभं आहे, आणि पत्रकात आपण लोकांना तिकडे जाऊ नका म्हणतोय.

आर्चचंही असंच आहे. ती सुंदर आहे, वादच नाही. पण लाक्लेदनं वसवलेलं मूळ गाव जिथं होतं ते सदतीसेक ब्लॉक १९३९ ते १९४२ मध्ये सरसकट पाडून तिची जागा मोकळी केली. ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांची जुनी गोदामं, बोटींच्या काळातली पेढ्या-दुकानं, सगळं गेलं. १८३४ चं कॅथीड्रल तेवढं ठेवलं. नंतर जवळजवळ वीस वर्षं तिथं गाड्या पार्क होत होत्या! कमान उभी राहू लागली तेव्हा कुशल कामावर एकही काळा कामगार नाही म्हणून जुलै १९६४ मध्ये नागरी हक्कांचे कार्यकर्ते पर्सी ग्रीन एका गोऱ्या सहकाऱ्याबरोबर अर्धवट बांधलेल्या कमानीच्या एका बाजूवर चढून बसले. १९५९ पासून मिल क्रीक व्हॅली पाडली गेली, वीस हजार लोकांची वस्ती, बहुतेक सगळे काळे. त्यातले काही प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीच्या तेहतीस उंच इमारतींत गेले. त्या १९५४ मध्ये खुल्या झाल्या आणि १९७२ पासून सुरुंग लावून पाडल्या. त्या जागेच्या मोठ्या भागावर आज झाडं माजली आहेत.

२८ ऑक्टोबर १९६५ ला आर्चचा शेवटचा तुकडा बसला. त्याच महिन्याच्या ३ तारखेला प्रेसिडेंट जॉन्सन यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली होती, ज्यानं आपल्यासारख्यांना दार उघडलं. आपले पहिले डॉक्टर आणि इंजिनिअर या देशात येऊ लागले तेव्हा सेंट लुईस रिकामं होत होतं. १९५० मध्ये ८,५६,७९६ लोक होते, २०२० मध्ये ३,०१,५७८ उरले. गोरे आधी गेले, ऐपत असलेले काळेही मागोमाग गेले, आणि आपण थेट पश्चिमेच्या सबर्बमध्ये उतरलो. यात आपला गुन्हा काही नाही. पण रेषा आपल्या आधी आखलेली होती आणि आपल्या फायद्याची निघाली, एवढं तरी ठाऊक असावं.

जाता जाता एक. नदीचा प्रश्न डाउनटाउनवाल्यांचा, असं कुणाला वाटत असेल तर: १ ऑगस्ट १९९३ ला मिसिसिपी आर्चपाशी साडेएकोणपन्नास फुटांवर चढली होती. डाउनटाउन वाचलं, कारण तिथली पूरभिंत ५२ फुटांसाठी बांधलेली आहे. बुडालं काय, तर मिसुरीचा बांध ३० जुलैच्या रात्री फुटून चेस्टरफील्ड व्हॅली. आज तिथं मैलभर लांब दुकानांची रांग आहे, जिथं आपण शनिवारी खरेदीला जातो. बांध उंच केलाय म्हणतात. बरंय.

आता मागणी. चौथी ओळ काढा. तिच्या जागी काहोकिया, शुगरलोफ माउंड, ओल्ड कोर्टहाउस, ईड्स पूल आणि ४६०० लॅबडी ही पाच ठिकाणं घाला. लॅबडीच्या घरात शिरता येत नाही, ते खासगी आहे. फुटपाथवरून बघायचं, आणि कुणी ओसरीवर बसलेलं असेल तर ‘हाय’ म्हणायचं. सुरक्षिततेची सूचना हवी तर जरूर द्या, गाडीत बॅग ठेवू नका, ही सूचना गॅलेरिया मॉललाही लागू आहे. झू फुकट का आहे हेही लिहा: १९७१ मध्ये शहर आणि काउंटी दोन्हीकडच्या मतदारांनी त्यासाठी कर मंजूर केला म्हणून. दोन घरं एकत्र आली की काय होतं त्याचा तो सगळ्यांना आवडणारा पुरावा आहे. २०१९ मध्ये दोघांना पुन्हा जोडायचा बेत निघाला आणि काही महिन्यांत बारगळला. पुन्हा निघेल. आपल्यातले जे नागरिक आहेत त्यांना तेव्हा मत द्यायचंय, आणि ते माहिती घेऊन द्यावं.

‘कोण जाणार तिकडे?’ हा प्रश्न बैठकीत येईल, म्हणून आधीच सांगतो. १६ मे २०२५ च्या टोर्नेडोनं उत्तर शहरातल्या विटांच्या घरांची छपरं उडवली. त्यानंतर आपल्यातलीच काही तरुण मुलं ताडपत्र्या आणि पाण्याचे खोके घेऊन तिथं गेली होती. कुणाची परवानगी त्यांनी मागितली नाही. त्यांनाच विचारा.

उन्हाळ्यात भारतातून आईवडील येतात तेव्हा मंडळाची एक सहल असते. यंदा ती मी नेतो. सकाळी दहाला कोर्टहाउस, तिथून चालत धक्का आणि ईड्स पूल, जेवण डब्यातलं, दुपारी गाड्यांनी लॅबडी आणि मग नदी ओलांडून काहोकिया. मंक्स माउंडला दीडशेच्या वर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खाली सावलीत बसावं. धक्क्याचे दगड शेवाळानं निसरडे असतात, चपला नकोत, बूट घाला. पूर असला तर खालचा रस्ता बंद करतात, म्हणून आदल्या रात्री पाण्याची पातळी बघून ग्रुपवर कळवीन. गाड्या चालवायला चार जण लागतील. नावं सेक्रेटरींकडे द्या.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद